कानाची उंची

१९९४ च्या दिवाळीत आमच्या मिरजेच्या घरी मी स्वतः बनवलेली लाउडस्पीकरची जोडी पहिल्यांदा वाजली. ६० सेंटिमीटर उंचीच्या प्लायवुडच्या पेट्या, प्रत्येकीत एक वर आणि एक खाली असे साडेसहा इंची वूफर, त्यांच्या मधोमध ट्वीटर. सुटे स्पीकर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, फळ्या गावातल्या सुताराकडून कापून घेतलेल्या, जोडणी माझी. खाली ८० सेंटिमीटर उंचीचे लाकडी स्टँड. पहिली कॅसेट लावली ती हिराबाई बडोदेकरांची, कारण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्याइतकं दुसरं कुणी प्रिय नव्हतं. अण्णा समोरच्या भिंतीशी गादीवर मांडी घालून बसले. दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “तबला झकास ऐकू येतोय रे. पण हिराबाई भिंतीपलीकडं गेल्यात.”

मी खुर्चीत बसून ऐकत होतो. मला हिराबाई अगदी समोर, दोन पेट्यांच्या मधोमध बसलेल्या ऐकू येत होत्या. मी अण्णांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “असतील.”

अण्णा तेव्हा ६७ वर्षांचे होते. पुढच्या महिन्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत वरच्या स्वरांचं ऐकणं थोडं उतरलेलं निघालं, वयाच्या मानानं उतरतं तेवढंच. मला तेवढं पुरेसं होतं. पेटीत दोष नाही, कानात आहे, असा निकाल मी मनाशी लावून टाकला. अण्णांनीही वाद घातला नाही. काही महिन्यांनी मात्र त्यांनी आपली बैठक हलवली. गादी सोडून ते मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसू लागले. मला वाटलं, रुसले. आई म्हणाली, तिथं त्यांना वारा लागतो.

पेटीच्या पुढच्या फळीवर दोन-तीन स्पीकर बसवायचे तर कोणता कुठे बसवायचा, आणि हे कुणी, कशाच्या आधारानं ठरवलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो पडला पंचवीस वर्षांनी. मी कॉमर्सचा पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलेलं. त्यामुळे यातलं गणित मी उशिरा आणि चुकतमाकत शिकलो. वाचकांना त्यातलं लागेल तेवढंच सांगतो.

आधी एक शब्द. बाजारात सुट्या भोंग्यालाही स्पीकर म्हणतात आणि अख्ख्या पेटीलाही. घोळ टळावा म्हणून सुट्या भोंग्याला मी पुस्तकातला ‘ड्रायव्हर’ हा शब्द वापरतो. एका पेटीत एकाहून अधिक ड्रायव्हर का लागतात? आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. त्याला वारंवारतेनं भागलं की तरंगाची लांबी मिळते. ५० हर्ट्झचा खर्ज जवळजवळ ७ मीटर लांबीचा, तर झांजेच्या किणकिणाटातला १०,००० हर्ट्झचा स्वर साडेतीन सेंटिमीटरचा. खर्जासाठी भरपूर हवा ढकलावी लागते, म्हणून कोन मोठा हवा. तोच मोठा कोन वरचे स्वर मात्र टॉर्चच्या झोतासारखे फक्त नाकासमोर फेकतो, आणि जड असल्यामुळे तितक्या चपळाईनं हलतही नाही. म्हणून कामाची वाटणी करायची. खालचं वूफरला, वरचं ट्वीटरला, आणि मध्ये कॉइल-कपॅसिटरचं छोटं मंडल, ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात.

ही वाटणी शेताच्या बांधासारखी काटेकोर नसते. क्रॉसओव्हरच्या आसपासचे स्वर दोन्ही ड्रायव्हर वाजवतात. याला मी सांधा म्हणतो. सगळी अडचण या सांध्यात आहे. झोपाळ्याला दोघं झोका देत असतील आणि दोघांचं टायमिंग जुळलं तर झोपाळा उंच जातो. एकानं पुढे ढकलताना दुसऱ्यानं मागे ओढलं तर जागीच थांबतो. दोन ड्रायव्हरांपासून कानापर्यंतच्या अंतरात अर्ध्या तरंगाचा फरक पडला की तो स्वर त्या जागी खड्ड्यात जातो. शेजारी बसलेल्याला तो नीट ऐकू येत असतो. गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरांच्या भिंतीसमोरून चालत गेलात, तर पावलापावलाला आवाजाचा पोत सळसळत बदलतो. तोच हा प्रकार, मोठ्या मापात.

हे सगळ्यात आधी ज्यांच्या कानावर आदळलं ते हॉलिवूडवाले होते. १९३० च्या दशकाच्या मध्याला बोलपट स्थिरावला होता आणि मोठ्या थिएटरांत दोन भागांचे स्पीकर येऊ लागले होते. खर्जासाठी लांबलचक, घड्या घातलेला कर्णा, वरच्या स्वरांसाठी आखूड कर्णा. पडद्यामागे दोन्ही शेजारीच असत, पण खर्जाला आपल्या कर्ण्यातून बाहेर पडायला कित्येक फूट जास्त चालावं लागे. एम.जी.एम. स्टुडिओत एलिनॉर पॉवेलचं टॅप नृत्य वाजवून बघताना बुटाचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला. आधी टक्, मागून ठप्. एका फुटाला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. पाच-सात फुटांचा फरक संगीतात कदाचित लपून जाईल, पण टॅपच्या कोरड्या ठोक्यात लपत नाही. आपल्याकडे तबल्याच्या चाटेवर ऐकलं असतं तरी लपला नसता.

तिथले ध्वनिप्रमुख डग्लस शीअरर आणि अभियंता जॉन हिलियर्ड यांनी मग खर्जाचा कर्णा आखूड केला, घड्या कमी केल्या आणि दोन्ही आवाजांना सारखीच वाट चालावी लागेल अशी मांडणी केली. ड्रायव्हर बनवण्याच्या कामात जेम्स लान्सिंग होता, ज्याच्या नावाची अक्षरं आज जे.बी.एल. म्हणून घराघरांत आहेत. या ‘शीअरर हॉर्न’ला १९३६ सालासाठीचं ऑस्करचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. ड्रायव्हरांच्या जागेचा प्रश्न पहिल्यांदा असा उभा राहिला. तो पुढे-मागे या दिशेचा प्रश्न होता आणि तो सोडवण्याइतका पैसा स्टुडिओकडे होता.

दुसरं उत्तर त्यानंतर आलं: जागेचा वादच नको, ट्वीटर वूफरच्या पोटातच बसवा. आल्टेक लान्सिंगचा ६०४ हा १९४० च्या दशकातला ड्रायव्हर आणि १९४७ चा टॅनॉयचा ड्युअल कॉन्सेन्ट्रिक हे त्यातले नामवंत. एकाच केंद्रातून दोन्ही आवाज. तत्त्व निर्दोष, पण बनवायला कठीण आणि महाग. घरी पेटी ठोकणाऱ्या माणसाच्या आवाक्यात ते नव्हतं.

तो घरी पेटी ठोकणारा माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर आला. इंग्लंडात त्याचा पाठीराखा होता गिल्बर्ट ब्रिग्ज. यॉर्कशरमध्ये १९३२ साली घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात करून त्यानं व्हार्फडेल ही कंपनी उभी केली, आणि १९४८ साली लाउडस्पीकरवर सामान्य माणसाला समजेल असं पुस्तक लिहिलं. मिस्कील, मोकळ्या भाषेतलं. तो काळ एका पेटीचा होता, स्टिरिओ यायचा होता. ब्रिग्जच्या काही रचनांत ट्वीटर छताकडे तोंड करून बसवलेला असे, म्हणजे वरचे स्वर छतावरून खोलीभर पसरावेत. आज कुणी असं केलं तर अभियंते कपाळाला हात लावतील. पण ब्रिग्ज आपल्या पेट्या लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भर श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष वादकांच्या शेजारी ठेवून वाजवत असे, आणि तिकिटं विकली जात. लोक काय ऐकतात याची त्याला जाण होती. जागेचं शास्त्र मात्र अजून कुणाकडेच नव्हतं.

त्या शास्त्राचा एक तुकडा १९५१ साली अमेरिकेतून आला. आर.सी.ए.चे हॅरी ओल्सन यांनी निरनिराळ्या आकारांच्या बारा पेट्यांवर तोच एक छोटा ड्रायव्हर बसवून मोजणी केली. गोल, दंडगोल, घन, पिरॅमिड, आयत. ड्रायव्हरमधून निघालेली लाट फळीवरून सरकत कडेला पोचते, तिथे पाय घसरल्यासारखी वळते आणि ती कड स्वतःच एक नवा उगम असल्यासारखी वाजू लागते. ड्रायव्हर जर फळीच्या अगदी मध्यावर असेल आणि सगळ्या कडा सारख्या अंतरावर असतील, तर सगळे दोष एकाच स्वरावर गोळा होतात. गोल चकतीच्या मध्यावर हे सगळ्यात वाईट, गोळ्यावर सगळ्यात कमी, कारण गोळ्याला कडच नाही. म्हणजे डोळ्याला जी जागा सगळ्यात शोभिवंत वाटते ती कानाला सगळ्यात वाईट. मला हा निष्कर्ष वाचून फार बरं वाटलं होतं. आमच्या सुतारानं ट्वीटर ‘मधोमधच पाहिजे, नाहीतर वाकडं दिसतंय’ म्हणून माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता, आणि मी हरलो होतो.

ओल्सनचा धडा कारखानदारांनी अर्धाच घेतला. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या जुन्या जाहिराती चाळताना फळीवर तीन-तीन, चार-चार ड्रायव्हर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे विखुरलेले दिसतात. वूफर खाली डावीकडे, मिडरेंज उजवीकडे, ट्वीटर वरच्या कोपऱ्यात, कधी दोन ट्वीटर शेजारी शेजारी. कडांपासूनची अंतरं वेगवेगळी झाली हे खरं, पण ड्रायव्हर एकमेकांच्या बाजूला आले. एकमेकांच्या बाजूला असलेले दोन उगम आपले खड्डे आडव्या दिशेला पाडतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे माणसं शेजारी शेजारी बसलेली असतात. शिवाय बऱ्याच कंपन्या डावी-उजवी अशा आरशातल्या जोड्या बनवत नसत. दोन्ही पेट्या सारख्याच. एका पेटीचा ट्वीटर आतल्या अंगाला, दुसरीचा बाहेरच्या. ग्राहकाला चार ड्रायव्हर दिसले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटत, आणि तक्रार कुणी करत नसे.

इथे चित्र बदललं ते दोन हौशी माणसांमुळे, असं माझं मत आहे. हौशी म्हणजे या विषयात हौशी. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघं कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत अभियंते होते. पोटापाण्याचं काम रेडिओलहरी मोजणाऱ्या उपकरणांचं, स्पीकर हा घरचा उद्योग. लिंकविट्झ मूळचा जर्मन. रेडिओच्या मोजमापात मुरलेल्या माणसाला दोन उगमांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की काय होतं हे वेगळं शिकावं लागत नाही. त्यानं स्पीकरच्या पेटीकडे त्या नजरेनं पाहिलं. १९७६ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध आला. विषय, एका केंद्रात नसलेल्या ड्रायव्हरांसाठी क्रॉसओव्हर.

निबंधाचा गाभा असा. तेव्हाच्या लोकप्रिय क्रॉसओव्हरमध्ये सांध्यावर वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या पाव तरंग मागेपुढे राहत. कागदावर बेरीज बरोबर येई. पण हे दोघं एकाखाली एक काही सेंटिमीटर अंतरावर बसलेले असल्यामुळे खोलीत मुख्य झोत सरळ समोर न जाता वर किंवा खाली कलत असे, आणि वारंवारता बदलली की कलही बदलत असे. लिंकविट्झनं सुचवलं की सांध्यावर दोघांनाही ६ डेसिबल खाली आणा आणि दोघांची पावलं तंतोतंत जुळवा. मग झोत नाकासमोर राहतो आणि खड्डे वर-खाली सारख्या अंतरावर जातात. ही कल्पना प्रत्यक्षात आणणारं मंडल रायलीच्या नावासह ‘लिंकविट्झ-रायली’ म्हणून ओळखलं जातं. आज डीजेच्या ट्रकवरच्या प्रोसेसरच्या पडद्यावरही ही दोन नावं दिसतात. बटण फिरवणाऱ्याला ती माणसांची नावं आहेत हे ठाऊक नसतं, एवढंच. १९७८ साली लिंकविट्झनं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात घरी बनवण्याजोगी पूर्ण रचनाही छापून दिली. २०१८ साली तो वारला, तोवर घरी पेट्या बनवणाऱ्यांना तो आपल्यातलाच वाटत राहिला.

त्याच सुमारास मोठ्या कंपन्या पुढे-मागेचा जुना प्रश्न पुन्हा हातात घेत होत्या. टेक्निक्सचा एस.बी.-७०००, केफचा १०५, बी अँड डब्ल्यूचा डी.एम.६ अशा पेट्यांत ट्वीटर मागे सरकवून पायऱ्यांसारखी रचना केलेली दिसते. १९७० चं दशक संपेपर्यंत चांगल्या पेट्यांत ड्रायव्हर उभ्या रेषेत येऊ लागले होते. उभी रेषा का? त्याचं कारण कुठलंही पुस्तक एका वाक्यात देतं: माणसं खोलीत आडवी पसरतात, उभी पसरत नाहीत. ड्रायव्हर एकाखाली एक लावले की सांध्याचे खड्डे छताकडे आणि जमिनीकडे जातात. आणि तिथे कुणाचे कान नसतात.

हे वाक्य मी अनेकदा वाचलं होतं.

आता माझ्या पेटीच्या आकाराकडे येतो. तो जोसेफ डॅपोलिटो यांचा. हाही मूळचा या धंद्यातला नव्हे. विद्युत अभियांत्रिकीतला डॉक्टर, आणि स्पीकर ही आवड. १९८३ साली न्यूयॉर्कला ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात त्यानं निबंध वाचला. लिंकविट्झनं झोताचा कल क्रॉसओव्हर बदलून घालवला होता. डॅपोलिटो म्हणाला, भूमितीनं घालवू. ट्वीटरच्या वर एक वूफर, खाली तसाच दुसरा. खालच्या वूफरमुळे झोत एकीकडे कलेल, वरच्यामुळे दुसरीकडे, बेरीज सरळ. दोन हमालांनी दोन्ही बाजूंनी सारखा भार घ्यावा तसं. पुढच्या वर्षी ‘स्पीकर बिल्डर’ या अमेरिकन मासिकात त्यानं घरी बनवण्याची कृती दिली आणि ही रचना वणव्यासारखी पसरली. त्याचं आडनाव हेच आकाराचं नाव झालं.

त्या निबंधात एक अट होती. वूफर आणि ट्वीटर यांच्या केंद्रांमधलं अंतर सांध्याच्या स्वराच्या एका तरंगलांबीपेक्षा जास्त नको. ही अट पाळायची तर वूफर लहान हवेत, सांधा खाली हवा, आणि इतकं खाली उतरू शकणारा दमदार ट्वीटर हवा. आकार मात्र डोळ्यांना फार देखणा आहे, देवघराच्या दोन बाजूंच्या समयांसारखा, त्यामुळे लोकांनी आकार उचलला आणि अट सोडली. मोठमोठ्या कंपन्यांनी हेच केलं. नंतर होम थिएटरच्या लाटेत तर हीच पेटी टीव्हीखाली आडवी टाकली गेली. म्हणजे ज्या खड्ड्यांना मोठ्या कष्टानं वर-खाली पाठवलं होतं ते पुन्हा आडवे, सोफ्यावर शेजारी बसलेल्या कुटुंबाच्या मांडीवर. आजही दुकानात अशा पेट्या ठेवलेल्या बघतो तेव्हा मला विक्रेत्याला काही सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

मला तसं बोलण्याचा अधिकारही नाही. १९९३ साली फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या इंग्रजी मासिकांच्या ढिगात मला त्या आकाराचं चित्र सापडलं. शेजारचा मजकूर दाट होता, समीकरणांचा होता. मी चित्रावरून मापं घेतली आणि तरंगलांबीचा परिच्छेद ओलांडून पुढे गेलो. माझ्या पेटीत वूफर आणि ट्वीटर यांच्या केंद्रांत अंतर १८ सेंटिमीटर. बाजारात तयार मिळणारा क्रॉसओव्हर ३,००० हर्ट्झचा, आणि त्या स्वराची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर. अट पाळायची तर सांधा १,९०० हर्ट्झच्या आसपास आणायला हवा होता. माझा ट्वीटर तिथे तग धरू शकला नसता.

२०१९ साली निवृत्तीपूर्वीच्या सुट्टीत मी मोजमापाचा मायक्रोफोन घेतला. मोफत मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं आणि मिरजेच्या त्याच खोलीत, त्याच पेट्या त्याच स्टँडवर ठेवून बसलो. अण्णा २००३ सालीच गेले होते. आधी मायक्रोफोन खुर्चीत बसलेल्या माझ्या कानाच्या उंचीला, जमिनीपासून ११० सेंटिमीटरवर धरला. ट्वीटरही तितक्याच उंचीवर. स्टँडची उंची मी १९९४ साली माझा कान मोजूनच ठरवली होती. आलेख बऱ्यापैकी सपाट आला. मग काय मनात आलं कोण जाणे, पेटीपासून अडीच मीटरवर अण्णांच्या गादीच्या जागी सतरंजी टाकून मांडी घालून बसलो आणि मायक्रोफोन कानाशी आणला. जमिनीपासून ७० सेंटिमीटर.

२,००० हर्ट्झच्या थोडं अलीकडून ३,००० पर्यंत आलेखात परातीसारखा रुंद खड्डा होता, पाच ते सहा डेसिबल खोल. मग कागदावर पायथागोरस मांडला. वरचा वूफर १२८ सेंटिमीटरवर, खालचा ९२ वर, कान ७० वर. कानापर्यंत दोघांच्या अंतरात फरक ५.७ सेंटिमीटर. ३,००० हर्ट्झच्या तरंगाचा तो बरोबर अर्धा भाग. म्हणजे सांध्यावर दोन वूफर एकमेकांना पुसून टाकत होते आणि मधला ट्वीटर एकटाच, तोही अर्ध्या ताकदीनं, किल्ला लढवत होता. त्याच्या खालच्या स्वरांत वूफर अर्धे पुसलेले आणि ट्वीटर अजून जागा न झालेला. गाणाऱ्या आवाजाची स्पष्टता, शब्दाची धार, गळा आपल्याजवळ आहे हा भास, हे सगळं त्याच पट्ट्यात असतं, आणि माणसाचा कान याच्या आसपासच सगळ्यात तीक्ष्ण. खाली डग्ग्याचा घुमार शाबूत, वर चाटेची टिचकी शाबूत, मधल्या बाई मागे सरकलेल्या.

तबला झकास, हिराबाई भिंतीपलीकडं.

मी उठून उभा राहिलो आणि उभ्या माणसाच्या कानाशी मोजलं. रचना वर-खाली सारखी, त्यामुळे तिथेही तसाच खड्डा. मग मला उंबरा आठवला. स्वयंपाकघराचा उंबरा पेटीपासून ५ मीटरवर, बरोबर दुप्पट. तिथे पाटावर बसून मोजलं. अंतर वाढलं की कोन लहान होतो. दोन वूफरच्या वाटांतला फरक जेमतेम ३ सेंटिमीटर उरतो आणि खड्डा ६,००० हर्ट्झच्या पलीकडे ढकलला जातो, जिथे वूफर वाजतच नाही. आलेखात आता फक्त दीड-दोन डेसिबलचा उतार होता. जमिनीवर बसून गाणं नीट ऐकू येईल अशी घरातली एकमेव जागा अण्णांनी कानानं शोधून काढली होती. नऊ वर्षं ते तिथे बसले.

“खुर्चीत बसा की,” असं मी त्यांना एक-दोनदा म्हटलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, “गाणं खुर्चीत बसून ऐकायचं असतं होय?” मिरजेत दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. अण्णा लहानपणापासून तिथे रात्ररात्र जमिनीवर बसून ऐकत आलेले. गाणारा खाली बसलेला, ऐकणारा खाली बसलेला, दोघांचे कान एका उंचीला. त्यांच्या लेखी ही श्रद्धेची गोष्ट होती की सवयीची, मला सांगता येणार नाही.

एवढं झाल्यावर मी ते पुस्तकातलं वाक्य पुन्हा वाचलं. जमिनीकडे कुणाचे कान नसतात. लिंकविट्झच्या किंवा डॅपोलिटोच्या गणितात यामुळे काही उणं ठरत नाही. गणितात झोताचा अक्ष असतो, तो कुठल्या उंचीवर ठेवायचा हे ज्यानं-त्यानं ठरवायचं असतं. त्यांच्या खोलीत सोफा होता, माझ्या खोलीत गादी होती, आणि मी त्यांच्या सोफ्याची उंची मिरजेला आणली. तीही त्यांनी सांगितली म्हणून नव्हे, मी स्वतः खुर्चीत बसत होतो म्हणून.

पर्याय होते. १९८८ साली केफ कंपनीनं निओडिमियमच्या इवल्याशा पण ताकदवान चुंबकामुळे ट्वीटर वूफरच्या कोनाच्या टोकाशीच बसवून दाखवला. एककेंद्री रचनेचं ते जुनं स्वप्न, आता घरगुती मापात. तसे ड्रायव्हर मागवता आले असते. एकच लहान वूफर ठेवून सांधा खाली आणता आला असता. मी सगळ्यात स्वस्त उपाय केला. स्टँडचे पाय ४० सेंटिमीटरनं कापले.

ट्वीटर आता जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. गादीवरून ऐकताना तो खड्डा नाही. पण जमीन जवळ आली. खालचा वूफर फरशीपासून ५२ सेंटिमीटरवर आहे आणि फरशीवरून उसळून येणारा आवाज थेट आवाजात मिसळून खालच्या मध्यम स्वरांत नवा डाग पाडतो. रॉय ॲलिसन या अमेरिकन अभियंत्यानं १९७४ साली भिंती आणि जमीन यांच्यापासूनच्या अंतरानं खर्ज कसा बदलतो हे मोजून दाखवलं होतं, आणि वूफर जमिनीला अगदी खेटून बसवणाऱ्या पेट्या पुढे बनवल्या. त्याची मापं मी सध्या पडताळतो आहे. सतरंजी एकपदरी आणि दुपदरी, गादी भिंतीशी आणि भिंतीपासून दोन हात पुढे, मांडी घालून आणि लोडाला टेकून, अशी एकोणीस मोजमापं आत्तापर्यंत वहीत उतरवली आहेत. टेकून बसलं की कान आणखी पाच-सहा सेंटिमीटर खाली जातो. आईचा कान अण्णांच्या कानापेक्षा सात सेंटिमीटर खाली भरतो. तिचं मोजमाप या सुट्टीत घ्यायचं आहे.